डॉ. रखमाबाई : नांदायला न गेलेली स्त्री

प्रस्तावना

विवाह, घटस्फोट आणि पुनर्विवाह हे शब्द आपण रोज ऐकतो. कुणाचे लग्न ठरते, कुणाचे मोडते, कुणी नव्याने संसार मांडतो. घटस्फोट झाला की लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात, चूक कोणाची? पण ज्या काळी पत्नीला विवाहातून बाहेर पडण्याची वाटच नव्हती, त्या काळी मोडलेल्या संसाराचे काय होत असे? लग्न झाले तेव्हा जी अजाण होती, ती मोठी झाल्यावर काय करू शकत असे? मुंबईतील एका मराठी मुलीने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे प्रश्न थेट उच्च न्यायालयापर्यंत नेले. तिचे नाव रखमाबाई. पुढे याच रखमाबाई आपल्या देशात प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक झाल्या. या पाठात आपण त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही :
• रखमाबाईंच्या जीवनातील प्रमुख घटना क्रमाने सांगू शकाल;
• त्यांच्या खटल्यातील दोन्ही बाजूंचे म्हणणे समजावून देऊ शकाल;
• घटस्फोट आणि पुनर्विवाह यांची सामाजिक कारणे व परिणाम यांवर स्वतःचे मत मांडू शकाल;
• विवाहविषयक कायद्यांत झालेले बदल सांगू शकाल.

मूळ पाठ

१. आईचा पुनर्विवाह

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबई येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे नाव जयंतीबाई. रखमाबाई अवघ्या दोन वर्षांच्या असताना वडील निवर्तले. त्या वेळी जयंतीबाईंचे वय सतरा वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने ज्या वयात मुलगी महाविद्यालयाची पायरी चढते, त्या वयात जयंतीबाई एका मुलीची आई आणि विधवा झाल्या होत्या.

हे कुटुंब सुतार समाजातील होते. त्या काळी ब्राह्मण आणि इतर काही जातींत विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. केशवपन, अलवण आणि घराच्या कोपऱ्यातले आयुष्य हेच अशा अनेक विधवांच्या वाट्याला येई. याउलट कष्टकरी व कारागीर समाजांत मात्र विधवेचा पुनर्विवाह रूढ होता. त्याला पाट लावणे किंवा मोहतूर म्हणत. त्यातील काही जातींत काडीमोड घेऊन नवरा-बायकोने वेगळे होण्याचीही रीत होती. पाटाला पहिल्या लग्नाइतका मान नसे, समारंभही बेताचाच असे. पण एका तरुण स्त्रीला आयुष्य पुन्हा सुरू करता येत असे, ही गोष्ट लहान नव्हती. १८५६ साली सरकारने कायदा करून सर्व हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली. कायदा झाला तरी समाजाचे मन लगेच बदलले नाही. विष्णुशास्त्री पंडित यांच्यासारख्या सुधारकांना पुनर्विवाहाच्या पुरस्कारासाठी पुष्कळ छळ सोसावा लागला.

जनार्दन पांडुरंग यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. डॉ. सखाराम हे विधुर होते. मुंबईतील नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार म्हणून त्यांची ख्याती होती. पुढे १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांमध्ये त्यांचा समावेश होता.

पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी एक दूरदृष्टीचे काम केले. पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावावर करून दिली. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा दिली होती. पण तसे केल्यास पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क संपुष्टात येई. मालमत्ता रखमाबाईंच्या नावावर झाल्यामुळे तिच्यावर मुलीचा हक्क राहिला. हीच मालमत्ता पुढे त्यांच्या आयुष्यातील मोठ्या संघर्षाचे एक कारण ठरली.

या पुनर्विवाहाने रखमाबाईंना प्रेमळ वडील मिळाले, घरात पुस्तके आली, विचारी माणसांची ये-जा सुरू झाली. आईबरोबर त्या प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या.

२. अकराव्या वर्षीचे लग्न

घर सुधारकी वळणाचे असले, तरी काळाची रूढी त्या घरालाही टाळता आली नाही. रखमाबाई अकरा वर्षांच्या झाल्या आणि त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. दादाजी त्या वेळी एकोणीस वर्षांचे होते. ते डॉ. सखाराम यांच्या नात्यातलेच होते. घरची परिस्थिती गरिबीची होती. तेव्हा असे ठरले, की दादाजींनी घरजावई म्हणून सासरीच राहावे, त्यांच्या शिक्षणाचा व राहण्याचा खर्च डॉ. सखाराम यांनी करावा आणि शिकून दादाजींनी कर्ते व्हावे.

लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाई वयात आल्या. प्रथेप्रमाणे गर्भाधानाचा विधी करून पती-पत्नींनी एकत्र राहावे, अशी अपेक्षा व्यक्त होऊ लागली. डॉ. सखाराम स्वतः डॉक्टर होते. कोवळ्या वयातील मातृत्वाने मुलींच्या शरीराची कशी हानी होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी या गोष्टीला ठाम नकार दिला.

दादाजींना हे रुचले नाही. विशीच्या तरुणाला लहान मुलांबरोबर शाळेत बसणे अपमानाचे वाटत होते. त्यांचे शिक्षणात मन रमले नाही. अखेर सासऱ्यांचा सल्ला डावलून ते आपले मामा नारायण धुर्माजी यांच्या घरी राहायला गेले. तेथे त्यांचे दिवस आळसात आणि आजारपणात जाऊ लागले. कर्जही वाढत गेले. शिकून कर्ता होण्याच्या ज्या अटीवर हे लग्न ठरले होते, ती अट अशा रीतीने हवेत विरली.

याच वर्षांत रखमाबाई मात्र घरी बसून अभ्यास करत होत्या. लग्नानंतर शाळा सुटली होती. पण ख्रिस्ती मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके वाचून त्यांनी आपले शिक्षण चालू ठेवले. इंग्रजी भाषा त्यांनी चांगली आत्मसात केली. एकाच लग्नाने जोडलेली ही दोन माणसे दर वर्षी एकमेकांपासून अधिक दूर जात होती. दादाजींनी मामाच्या घरी नांदायला येण्याचा आग्रह धरला, तेव्हा रखमाबाईंनी नकार दिला. त्या वेळी त्या बारा वर्षांच्या होत्या. पुढील अनेक वर्षे त्यांनी हा नकार बदलला नाही.

पाठगत प्रश्न – १

(१) जयंतीबाईंनी पुनर्विवाहापूर्वी मालमत्तेची कोणती व्यवस्था केली? का?
(२) दादाजींना घरजावई करताना कोणती अपेक्षा होती?
(३) डॉ. सखाराम यांनी गर्भाधानास नकार का दिला?

३. न्यायालयाच्या दारात

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत डॉ. सखाराम यांना पत्र पाठवले आणि आपल्या पत्नीला आपल्याकडे पाठवण्याची मागणी केली. रखमाबाई आल्या, की त्यांच्या नावावरील मालमत्ताही आपल्या हाती येईल, अशी आशा दादाजींना होती. पत्रोपत्री झाली, पण मार्ग निघाला नाही. शेवटी दादाजींनी पत्नीने नांदायला यावे यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला.

खटला उभा राहण्याच्या सुमारास रखमाबाईंचा सर्वांत मोठा आधार गेला. एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. आता वीस वर्षांची मुलगी आणि पुन्हा विधवा झालेली तिची आई अशा दोघींना या प्रसंगाला सामोरे जायचे होते.

त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्रात एक हिंदू स्त्री एवढीच ओळख देऊन दोन पत्रे प्रसिद्ध झाली. एका पत्राचा विषय होता बालविवाह आणि दुसऱ्याचा, स्त्रियांवर लादलेले वैधव्य. बालविवाहामुळे मुलीचे शिक्षण तुटते, मनाची वाढ खुंटते आणि तिचे सारे आयुष्य परक्याच्या मर्जीवर अवलंबून राहते, असे त्या पत्रांत सडेतोडपणे मांडले होते. ही पत्रे लिहिणारी स्त्री म्हणजे रखमाबाईच होत्या. बेहरामजी मलबारी यांनी आदल्या वर्षी, १८८४ मध्ये, याच दोन प्रश्नांवर टिपणे काढून देशभर चर्चा सुरू केली होती. त्या चर्चेत पुरुषच अधिक बोलत होते. या पत्रांमुळे जिच्याविषयी बोलले जात होते, ती स्त्री स्वतः बोलू लागली.

४. दोन निकाल

खटला प्रथम न्यायमूर्ती पिन्ही यांच्यासमोर चालला. रखमाबाईंच्या बाजूने सांगण्यात आले, की दादाजी पत्नीचा सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, त्यांची प्रकृती ठीक नाही आणि ज्या घरात ते राहतात, ते घर नांदण्यायोग्य नाही. परंतु रखमाबाईंचा खरा मुद्दा याहून मूलगामी होता. जे लग्न आपल्याला काही कळण्याच्या वयाआधी, आपली संमती न घेता लावले गेले, ते पाळण्याची सक्ती आपल्यावर करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. त्यांच्या निकालाचे सार असे होते : असा दावा एकत्र नांदलेल्या जोडप्यांसाठी असतो, हे दोघे तर कधीच एकत्र राहिले नव्हते. शिवाय अजाण वयात लग्न झालेल्या आणि पतीकडे जाण्यास तयार नसलेल्या तरुण स्त्रीला बळाने त्याच्या स्वाधीन करणे माणुसकीला धरून नाही. पत्नीला तुरुंगाचा धाक दाखवून नांदायला लावण्याचा आधार हिंदू धर्मशास्त्रातही नाही. हा दाव्याचा प्रकार मुळात इंग्लंडमधील धर्मन्यायालयांतून आपल्याकडे आला आहे.

या निकालाने महाराष्ट्रात खळबळ उडाली. विरोधकांचे म्हणणेही आपण समजून घेतले पाहिजे. त्या काळी बहुतेक सर्वच लग्ने बालपणी होत असत. संमती नव्हती म्हणून एक लग्न बंधनकारक नाही असे ठरले, तर उद्या घरोघरचे संसार मोडतील, अशी भीती अनेकांना वाटली. परकीय सरकारच्या न्यायालयाने आपल्या धर्मात आणि घरात हात घालू नये, असेही मत प्रबळ होते. लोकमान्य टिळकांनी या प्रकरणात रखमाबाईंच्या विरुद्ध भूमिका घेतली. दुसऱ्या बाजूला मलबारी, आगरकर यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचे समर्थन केले. इंग्लंडमध्येही हा खटला गाजला. संस्कृतचे विख्यात पंडित मॅक्स म्यूलर यांनी तेथील वृत्तपत्रात रखमाबाईंची बाजू घेतली.

यात एक विसंगती मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. धर्मरक्षणासाठी ज्या कायद्याचा आधार घेतला जात होता, तो इंग्रजांकडून आलेला होता. आणि खुद्द इंग्लंडने नांदायला नकार देणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द केली होती. भारतात मात्र ती लागू राहिली.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने पिन्ही यांचा निकाल फिरवला. हिंदू विवाह हा संस्कार आहे, तो विधीने पूर्ण होतो, त्यासाठी वधूच्या संमतीची गरज नाही, अशी भूमिका घेऊन खटला पुन्हा चालवण्यास पाठवण्यात आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला, की रखमाबाईंनी पतीकडे जावे. न गेल्यास त्यांना सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगावा लागेल.

रखमाबाईंपुढे आता दोनच मार्ग होते. सासरी जायचे, की तुरुंगात? आपण तुरुंगात जाऊ, पण नांदायला जाणार नाही, असे त्यांनी कळवले. त्या वेळी त्या बावीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या काळातील असंख्य मुलींनी मनाविरुद्धचे संसार मुकाट्याने सोसले होते. अनेकींनी विहिरी जवळ केल्या होत्या. रखमाबाईंनी यांपैकी काहीही न करता कायद्याची शिक्षा उघडपणे पत्करण्याची तयारी दाखवली, यात त्यांचे असामान्य धैर्य दिसते.

५. तडजोड झाली, बंधन राहिले

हा निकाल अमलात आणला असता, तर एका निरपराध तरुणीला तुरुंगात पाठवल्याचा दोष सरकारवर आला असता. दादाजींनाही कर्जाचा आणि खटल्याच्या खर्चाचा बोजा झेपत नव्हता. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. रखमाबाईंकडून दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी त्यांच्यावरील आपला दावा सोडला. तुरुंगवास टळला.

या तडजोडीने रखमाबाईंना मोकळा श्वास घेता आला. पण त्यांचा विवाह कायद्याने मोडला नाही. ज्या न्यायालयीन हिंदू कायद्याखाली त्यांचा खटला चालला, त्यात पत्नीला घटस्फोट मागण्याची सोयच नव्हती. पहिली पत्नी हयात असताना पुरुषाला दुसरे लग्न करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. स्त्रीला मात्र पती जिवंत असेपर्यंत दुसरा विवाह करता येत नव्हता. जयंतीबाईंना आयुष्य पुन्हा सुरू करता आले, कारण त्यांचे पती निवर्तले होते. त्यांच्या मुलीचा पती हयात होता, एवढ्यानेच तिच्यापुढील तो मार्ग बंद झाला. रखमाबाईंनी पुढे कधीही विवाह केला नाही. १९०४ साली दादाजींच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा ज्या माणसाबरोबर त्या एक दिवसही नांदल्या नव्हत्या, त्याच्यासाठी त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली.

६. डॉक्टर रखमाबाई

खटला संपला तेव्हा रखमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. आयुष्याची दिशा आता त्यांना स्वतः ठरवता येणार होती. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षण घेण्यास प्रोत्साहन दिले. हितचिंतकांनी निधी उभा केला. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि स्त्रियांसाठी असलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. १८९४ मध्ये त्यांनी आपले शिक्षण पूर्ण करून ब्रुसेल्स येथून एम. डी. ही पदवी मिळवली.

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर होण्याचा मान मिळवला होता. पण भारतात परतल्यावर लवकरच, १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. रुग्णसेवेची त्यांची इच्छा अपुरी राहिली. रखमाबाईंना मात्र दीर्घ आयुष्य लाभले आणि त्यांनी ते सेवेत घालवले. मायदेशी परतल्यावर त्या सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. पुढे त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी सांभाळली. त्यांची ही सेवा सुमारे पस्तीस वर्षांची होती.

त्या काळी पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरसमोर येत नसत. दुखणे अंगावर काढत, बाळंतपणात दगावत. अशा स्त्रियांना तपासणारी, त्यांच्याशी त्यांच्या घरातली एक होऊन बोलणारी डॉक्टर मिळणे हा मोठा दिलासा होता. अल्पवयातील बाळंतपणाचे भयंकर परिणाम रखमाबाई आता रोज डोळ्यांनी पाहत होत्या. त्यांच्या सावत्र वडिलांनी एके काळी जो धोका ओळखून मुलीला वाचवले होते, त्याच धोक्यातून इतरांच्या मुलींना सोडवण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. निवृत्तीच्या सुमारास पडदा पद्धत नाहीशी झाली पाहिजे, असे सांगणारी पुस्तिकाही त्यांनी लिहिली.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णव्या वर्षी, रखमाबाईंचे निधन झाले.

पाठगत प्रश्न – २

(१) न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा का फेटाळला?
(२) निकालाला विरोध करणाऱ्यांना कोणती भीती वाटत होती?
(३) १८८८ च्या तडजोडीने काय मिळाले आणि काय मिळाले नाही?

७. कायदा हळूहळू बदलला

रखमाबाईंच्या खटल्यामुळे बालविवाहाचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यांच्यासारख्या खटल्याने आणि सुधारकांच्या प्रयत्नांमुळे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेण्यात आले. बंगळूर येथून ज्याचा राज्यकारभार चाले, त्या म्हैसूर संस्थानाने १८९४ साली, म्हणजे रखमाबाई डॉक्टर झाल्या त्याच वर्षी, आठ वर्षांखालील मुलींच्या लग्नाला बंदी घातली. आज ही मर्यादा फारच तोकडी वाटते. पण त्या काळी तेही धाडसच होते. १९२३ मध्ये नांदायला नकार देणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद आपल्याकडे रद्द झाली. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा वर्षे ठरवले.

घटस्फोटाच्या बाबतीत बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी कायदा केला. स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिलासाठी अविश्रांत परिश्रम केले. ते मंजूर होत नाही हे पाहून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलातील विवाहविषयक भाग पुढे हिंदू विवाह कायदा म्हणून १८ मे १९५५ पासून अमलात आला. त्याने एकपत्नीत्व बंधनकारक केले आणि पती व पत्नी दोघांनाही घटस्फोट मागण्याचा अधिकार दिला. घटस्फोटानंतर दोघेही पुनर्विवाह करू शकतात. रखमाबाईंच्या निधनापूर्वी जेमतेम चार महिने हा कायदा देशभरातील हिंदू स्त्रियांच्या हाती आला.

१९७६ मध्ये या कायद्यात दोन महत्त्वाच्या तरतुदी जोडल्या गेल्या. पहिली, परस्परसंमतीने घटस्फोट. दुसरी तर जणू रखमाबाईंसाठीच होती : जिचे लग्न पंधरा वर्षांची होण्यापूर्वी लागले, तिला ते लग्न पंधराव्या वर्षानंतर आणि अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी नाकारता येते व त्या आधारे घटस्फोट मागता येतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने अल्पवयात लग्न झालेल्या व्यक्तीला ते रद्द करून घेण्याचा अधिकार दिला. कर्नाटक राज्याने या कायद्यात दुरुस्ती केली. २०१७ मध्ये ती लागू झाली आणि त्या राज्यात बालविवाह मुळापासूनच बेकायदा व निरर्थक ठरला.

पतीने किंवा पत्नीने नांदायला यावे यासाठी दावा करण्याची तरतूद मात्र हिंदू विवाह कायद्यात आजही आहे. फरक एवढाच, की त्यासाठी आता कोणाला तुरुंगात टाकता येत नाही.

८. रखमाबाईंच्या जीवनातून काय दिसते?

घटस्फोट वाढले म्हणून समाज बिघडला, असे आपण अनेकदा ऐकतो. रखमाबाईंच्या काळात हिंदू पत्नीला न्यायालयातून घटस्फोट मिळत नव्हता. म्हणून काय सारे संसार सुखाचे होते? संसार तेव्हाही मोडत होते. ते मोडल्याचे कागदावर येत नव्हते, इतकेच. टाकलेल्या बायका माहेरच्या ओसरीवर आयुष्य काढत. पुरुष दुसरे लग्न करून मोकळा होई.

विवाह मोडण्याची कारणे बहुधा तो ठरवतानाच रुजलेली असतात. अजाण वय, संमतीचा अभाव, पैशाचा वा मालमत्तेचा हिशेब, न पाळलेली आश्वासने ही सारी कारणे रखमाबाईंच्या लग्नात एकत्र आली होती. आजच्या काळात त्यांत हुंडा, व्यसन, मारहाण, संशय यांची भर पडलेली दिसते. घटस्फोटाचे परिणाम सोपे नसतात. मुलांची ओढाताण होते, पोटगीचा आणि निवाऱ्याचा प्रश्न उभा राहतो, नातेवाईक बोल लावतात. म्हणूनच १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कुटुंब न्यायालयांत प्रथम समेटाचा प्रयत्न केला जातो. समेट होणे चांगलेच. पण तो दोघांच्या मनाने झाला पाहिजे, एकीच्या भीतीने नव्हे.

पुनर्विवाहाचेही तसेच आहे. जयंतीबाईंच्या पुनर्विवाहामुळे एका पोरक्या मुलीला वडिलांचे छत्र, ग्रंथांचा सहवास आणि स्वतःचा विचार करण्याचे बळ मिळाले. दुसऱ्या लग्नाने मुलांचे वाटोळे होते, असे मानणाऱ्यांनी हे घर आठवावे. माहेरी परतलेल्या किंवा नव्याने संसार मांडणाऱ्या स्त्रीकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, यावर तिच्या मुलांचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. कायदा तिला वाट देऊ शकतो; त्या वाटेने तिच्यासोबत चालणारी माणसे मात्र आपल्यातूनच यावी लागतात. रखमाबाईंना असे वडील, अशी आई आणि असे स्नेही मिळाले, म्हणून त्या एकट्या पडल्या नाहीत.

शब्दार्थ

निवर्तणे – मरण पावणे
विधुर – पत्नी वारलेला पुरुष
अलवण – विधवेने नेसावयाचे साधे लाल लुगडे
पाट, मोहतूर – विधवेचा किंवा काडीमोड झालेल्या स्त्रीचा पुनर्विवाह
काडीमोड – रूढीनुसार होणारा घटस्फोट
घरजावई – सासरच्या घरी राहणारा जावई
नांदणे – सासरी संसार करून राहणे
मूलगामी – मुळाशी जाणारा
ऐरणीवर येणे – तातडीने चर्चेला येणे
पोटगी – निर्वाहासाठी द्यावयाची रक्कम

स्वाध्याय

(१) पुढील विधानांची कारणे लिहा.
(अ) रखमाबाईंचा नकार त्या काळात असामान्य ठरला.
(आ) तडजोडीनंतरही रखमाबाई कायद्याने बांधलेल्याच राहिल्या.

(२) जयंतीबाई आणि रखमाबाई यांच्या परिस्थितीतील साम्य व भेद आठ ते दहा ओळींत लिहा.

(३) न्यायालयात दोन्ही बाजूंनी मांडल्या गेलेल्या विचारांपैकी तुम्हाला कोणते पटतात? सकारण लिहा.

(४) तुमच्या परिसरात घटस्फोटित किंवा पुनर्विवाहित स्त्रीला कोणत्या अडचणी येतात? त्या दूर करण्यासाठी शेजारी, नातेवाईक आणि शाळा काय करू शकतील? कोणाचेही नाव न घेता पंधरा ओळींत आपले विचार मांडा.